कडक, हॉपदार आयपीए कशी चाखावी आणि कशी पारखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण दर महिन्याला एकत्र बसून बीअर चाखतो आणि प्रत्येक बीअरवर लेखी टिपणे करतो. त्या बैठकांना नव्याने येणारे लोक, आणि कधीच न येणारेही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात उगाळण्यापेक्षा तिकडे बोट दाखवणे बरे.

१. आयपीए म्हणजे नक्की काय, आणि त्यातली ‘कडक’ कोणती?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. फिकट माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) केलेली, एल यीस्टने आंबवलेली आणि हॉपला, म्हणजे बीअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांना, सर्वांत वरचे स्थान देणारी ही बीअर आहे. इतर बहुतेक बीअरमध्ये हॉप मिठासारखा असतो. आयपीएमध्ये तो भाजीच असतो. बीअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या २०२१ च्या निकषांनुसार अमेरिकन आयपीएमध्ये मद्यार्क ५.५ ते ७.५ टक्के आणि कडवटपणा ४० ते ७० आयबीयू असतो, तर डबल आयपीएमध्ये मद्यार्क ७.५ ते १० टक्के आणि कडवटपणा ६० ते १०० आयबीयू. या पानावर ‘कडक आयपीए’ म्हणताना साधारण ७ टक्क्यांपासून वरची बीअर अभिप्रेत आहे. आयबीयू या आकड्याविषयी प्रश्न ८ पाहावा.

२. नावात ‘इंडिया’ आहे, मग ही बीअर भारतात जन्मली का?

नाही, ती भारतासाठी निघाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बीअर देत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती पिंपे मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला उतरत. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप आणि इतर ब्रुअरी या व्यापारात शिरल्या आणि तेथील जिप्समयुक्त, सल्फेटने भरलेल्या पाण्याने हॉपचा कडवटपणा अधिक कोरडा आणि धारदार लागतो हे सर्वांच्या लक्षात आले.

‘लांबच्या प्रवासात बीअर टिकावी म्हणून हॉजसनने हा प्रकार शोधून काढला’ ही कथा मात्र चढवून सांगितली जाते. भरपूर हॉप घातलेली फिकट बीअर इंग्लंडमध्ये आधीपासून होत होती आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टर बीअरही भारतात येऊन चांगली पोहोचत होती. आज आपण चाखतो ती कडक आयपीए तर बरीच अलीकडची आणि अमेरिकेची आहे: १९७२ मध्ये तेथे कॅस्केड हा हॉपचा वाण आला, त्याच्या लिंबूवर्गीय वासाने चव बदलली, आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी केलेली बीअर डबल आयपीएच्या सुरुवातीच्या नमुन्यांत धरली जाते.

३. दुकानात मिळणारी ‘स्ट्राँग’ बीअर आणि कडक आयपीए यांत फरक तो काय? दोन्ही चढतातच की.

मद्यार्काचा आकडा सारखा असू शकतो, बाकी काहीही सारखे नसते. दुकानातील स्ट्राँग बीअर ही बहुधा लागर, म्हणजे कमी तापमानात सावकाश आंबवलेली बीअर, असते; तिच्यात माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरून मद्यार्क वाढवलेला असतो आणि हॉप नावापुरता असतो. ती बर्फासारखी थंड करून पितात, कारण गरम झाल्यावर तिच्यातला मद्यार्क नाकावर येतो. कडक आयपीए ग्लासमध्ये थोडी गरम झाल्यावर अधिक बोलकी झाली पाहिजे. आम्ही नवख्यांना दोन्ही शेजारी ठेवून वीस मिनिटे थांबायला सांगतो. पुढचे सारे प्रश्न त्या वीस मिनिटांतच त्यांना पडतात.

४. हॉप भांगेच्या कुळातला असतो म्हणे. म्हणजे आयपीएने वेगळी नशा होते का?

हॉप आणि भांग ही दोन्ही झाडे कॅनाबेसी या एकाच कुळातली आहेत, हे खरे. पण हॉपमध्ये भांगेतले नशा आणणारे टीएचसी नसते. आयपीएने जी नशा होते ती मद्यार्काची, आणि ती किती होते ते प्रश्न ५ मध्ये हिशेबासह सांगितले आहे. हॉपचा वेल लांब दिवसांच्या प्रदेशात फुलतो, त्यामुळे पुण्याच्या अक्षांशावर त्याची शेती परवडत नाही. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तो पिकवला जातो. येथील ब्रुअरी बहुतेक हॉप गोळ्यांच्या रूपात परदेशातून मागवतात.

५. चाखायला बसण्याआधी काय तयारी करावी? किती घ्यावी?

चाखण्यासाठी ६० ते ९० मिलिलिटर पुरतात. ८ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बीअरमध्ये सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बीअरमध्ये साडेसोळा. म्हणजे कडक आयपीएचे दोन ग्लास हे साध्या बीअरच्या तीन ग्लासांहून जास्त भरतात. तिसऱ्या पूर्ण ग्लासनंतर केलेली टिपणे दुसऱ्या दिवशी वाचण्यासारखी नसतात, हे स्वानुभवाने सांगतो. परत जाण्यासाठी रिक्षा किंवा टॅक्सी आधीच ठरवावी.

ग्लास तोंडाशी किंचित आत वळलेला, ट्यूलिपच्या आकाराचा असावा आणि एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वर वास साठायला जागा राहते. ग्लास खरोखर स्वच्छ आहे का, हे बीअरच सांगते: कडेला बुडबुडे चिकटून बसले तर तेथे तेल किंवा साबण उरला आहे. भांड्यांच्या घासणीनेच ग्लास घासण्याची सवय याला कारण असते. ग्लाससाठी वेगळी घासणी ठेवावी.

तापमान ७ ते १२ अंशांच्या दरम्यान असावे. घरचा फ्रीज ४ अंशांच्या आसपास असतो, म्हणून डिसेंबरमध्ये बाटली पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी लागते. एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटेही पुरतात. अत्तर, सुगंधी तेल, आणि त्याच खोलीत लावलेली उदबत्ती टाळावी. मोगऱ्याचा गजरासुद्धा, क्षमा असावी, बाहेर ठेवावा.

६. चाखण्याचा क्रम कोणता? आधी पाहायचे की आधी हुंगायचे?

आधी हुंगावे. हॉपच्या सुगंधातील सर्वांत हलके घटक ओतल्यावर पहिल्या मिनिटातच उडून जातात, रंग मात्र कोठेही जात नाही. ग्लास नाकापासून लांब धरून एकदा, मग जवळ आणून दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. एकच दीर्घ श्वास घेतला तर नाक लगेच बधिर होते. जे आठवेल ते लिहून टाकावे आणि मगच रंग, फेस आणि पारदर्शकता पाहावी.

त्यानंतर एक मोठा घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरवावा, गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात घशामागून नाकात जाणारा वासच असतो, आणि हॉपच्या फळांच्या छटा याच वाटेने सर्वांत स्पष्ट कळतात. वाइनच्या चाखणीत थुंकण्याची पद्धत आहे; बीअरमध्ये सहसा गिळतात, कारण आयपीएचा निम्मा निकाल गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात लागतो. कडू चव जिभेच्या मागच्या भागालाच कळते म्हणून गिळायचे, असे कारण काही जण देतात. जिभेच्या चवींचा तो शाळेतला नकाशा चुकीचा आहे. मूळ चवी जिभेच्या सर्वच भागांना कळतात.

पहिल्या घोटावर मत देऊ नये. हॉपचा कडवटपणा घोटागणिक साठत जातो, त्यामुळे पहिला घोट बीअरला झुकते माप देतो आणि तिसरा खरे बोलतो.

७. मला सगळ्याच आयपीए फक्त ‘कडू’ लागतात. त्यात पारखायचे काय?

हा आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. ‘कडू’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि त्या सुट्या केल्या की कडक आयपीएची पारख निम्मी झालीच.

पहिली गोष्ट म्हणजे खरा कडवटपणा. हॉपमधील अल्फा आम्ले उकळताना आपली रचना बदलतात आणि आयसो-अल्फा आम्ले तयार होतात. ती जिभेवर कडू लागतात. हा कडवटपणा कसा येतो आणि कसा जातो हे पाहावे. मेथीच्या भाजीचा कडवटपणा झटकन येतो आणि घास संपता संपता ओसरतो. पाडव्याला खाल्लेल्या कडुनिंबाच्या पानांचा मात्र जिभेला धरून बसतो. चांगल्या कडक आयपीएचा कडवटपणा मेथीच्या बाजूला असतो: ठाम, पण जाताना तोंड स्वच्छ करून जाणारा.

दुसरी गोष्ट तुरटपणा. ही चव नसून स्पर्श आहे: आवळा, सुपारी किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर तोंडाला जी कोरडी ओढ बसते ती. बीअरमध्ये ती हॉपच्या पानांतील किंवा माल्टच्या टरफलांतील पॉलिफेनॉलमुळे येते. थोडी चालते, दात एकमेकांवर घासल्यासारखे वाटू लागले की गुण कापावेत.

तिसरी गोष्ट जहालपणा, म्हणजे मद्यार्काचा चटका. त्याविषयी प्रश्न १० मध्ये स्वतंत्रपणे लिहिले आहे.

याशिवाय एक खवखव असते, जिला परदेशी परीक्षक ‘हॉप बर्न’ म्हणतात. थंड बीअरमध्ये भरमसाट हॉप भिजवून, त्याचे कण नीट खाली बसू न देता ती पेल्यात आली की घसा खाजल्यासारखा होतो. अळू कच्चे राहिल्यावर घशात जे होते त्याची ज्याला आठवण आहे त्याला अधिक वर्णनाची गरज नाही, जरी अळूतले कारण अगदी वेगळे असले तरी.

माणसामाणसांत कडू चव कळण्याची तीव्रता जन्मतःच कमी-अधिक असते. आपल्याला कारल्याची भाजी अजिबात चालत नसेल तर कडक आयपीए आवडावी असा अट्टहास करू नये; पण वरचे चार प्रकार वेगळे ओळखणे तेव्हाही जमते, आणि पारख करायला तेवढे पुरते.

८. लेबलवर ‘१०० आयबीयू’ लिहिले असेल तर ती ५० आयबीयूच्या दुप्पट कडू का?

नाही. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. प्रयोगशाळेत हे मोजताना बीअरचा अर्क काढून त्यातून अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात, आणि त्या मोजणीत इतर पदार्थही मिसळतात. शिवाय लेबलवरचा आकडा अनेकदा मोजलेला नसून पाककृतीवरून गणित करून काढलेला असतो. बीअरमध्ये ही आम्ले विरघळण्याला मर्यादा असल्यामुळे शेकडो आयबीयूचे दावे केवळ जाहिरातीपुरते समजावेत.

आकड्याला अर्थ येतो तो बीअरच्या अंगावरून. ७० आयबीयूची हलकी, कोरडी बीअर जिभेवर चाबूक मारते. तेवढेच आयबीयू दाट, माल्टच्या गोडव्याने भरलेल्या बीअरमध्ये जेमतेम जाणवतात. लिंबू तेवढेच पिळले तरी सरबतात साखर किती आहे यावर आंबटपणा ठरतो, तसाच हा प्रकार आहे.

९. वर्णनात ‘पाइन’, ‘ग्रेपफ्रूट’ असे शब्द येतात. ही फळे-झाडे मी पाहिलेलीच नाहीत, मग वास ओळखायचा कसा?

न पाहिलेल्या फळाचे नाव टिपणात लिहूच नये. ती यादी अमेरिकेत, तेथल्या स्वयंपाकघरांतून आणि जंगलांतून तयार झाली; आपली यादी आपण मंडईत तयार करावी. गणपतीच्या सुमारास महात्मा फुले मंडईत पपनस येतात. त्याची जाड साल नखाने दाबली की उडणारा तेलाचा फवारा, आणि आतल्या पांढऱ्या भागाचा कडवट वास, हे ग्रेपफ्रूटच्या अगदी जवळचे आहे. पाइनसाठी सुताराच्या दुकानात जावे: नुकतीच रंधलेली देवदारी फळी आणि राळ यांचा वास नाकात बसवला की चिनूक किंवा सिमको हे हॉप ओळखता येऊ लागतात.

हॉपच्या तेलातले पुष्कळ घटक आपल्या डब्यांत आणि टोपल्यांत आहेतच. मायरसीन आंब्यातही असते, लिनालूल धन्यांत आणि कॅरिओफिलीन मिऱ्यांत. जिरॅनिऑल गुलाबाची आठवण देते. पिकलेल्या पेरूचा, खोलीभर पसरणारा, थोडा घामटसुद्धा म्हणता येईल असा वास हॉपमधील गंधकयुक्त संयुगांचा असतो. सिट्रा आणि मोझॅक या वाणांत तो ठळक येतो. हीच संयुगे जास्त झाली किंवा हॉप उशिरा तोडला गेला की कांदा-लसूण किंवा मांजराच्या मुताचा वास येऊ लागतो. अशा वेळी शिष्टाचार पाळून ‘उष्णकटिबंधीय फळे’ असे लिहिण्यात काही अर्थ नाही.

सरावाची एक साधी पद्धत आहे. मोसंब्याची साल, आल्याचा काप, गवती चहा, कैरी, अननस, धने आणि मिरे वेगवेगळ्या वाट्यांत झाकून ठेवावेत आणि घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून हुंगायला द्यायला सांगावे. पहिल्या दिवशी सातांपैकी चार ओळखता आले तरी पुष्कळ झाले. आमच्या बैठकीतल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी सातही ओळखले आणि मग बीअर न पिताच त्या घरी गेल्या.

१०. ८ टक्के मद्यार्क आहे हे कळले पाहिजे की लपले पाहिजे?

लपले पाहिजे, पण पूर्ण नाही. घोट गिळल्यावर छातीशी मंद ऊब जाणवणे हे कडक आयपीएत गुणाचेच आहे. नाकात झिणझिण्या, घशात चटका किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर ती आंबवण्यातली चूक आहे. यीस्ट फार उष्ण वातावरणात काम करू लागले की ते साध्या मद्यार्काच्या जोडीला जड मद्यार्के तयार करते. एल यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतात. पुण्याच्या उन्हाळ्यात टाकीला थंड पाण्याचे वेष्टण नसेल, किंवा दुपारी वीज गेली असेल, तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

गोडवाही येथेच तपासावा. कडक आयपीए कोरडी संपली पाहिजे. त्यासाठी अनेक ब्रुअर थोडी साधी साखर वापरतात. यीस्ट ती संपूर्ण खाऊन टाकते, मद्यार्क वाढतो आणि अंग हलके राहते. साखर घातली म्हणजे भेसळ केली, असा आरोप करणारी पत्रे आम्हाला येतात. या प्रकारापुरता तो आरोप उलटा आहे: साखर न घातल्यानेच पुष्कळ डबल आयपीए पाकासारख्या जड होतात.

११. दोष कोणते आणि ते ओळखायचे कसे?

कडक आयपीएमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे बीअर शिळी होणे. ऑक्सिजन लागला की आधी हॉपचा सुगंध मावळतो, मग रंग तपकिरीकडे झुकतो, मग मधासारखा किंवा चिक्कीसारखा जड गोडवा येतो, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास. अप्पा बळवंत चौकात पावसात भिजलेली पुस्तकांची खोकी ज्यांनी उचलली आहेत त्यांना हा वास शिकवावा लागत नाही.

दुसरा दोष डायॅसिटिल: लोणी, बटरस्कॉच किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा. हॉप भरपूर भिजवलेल्या बीअरमध्ये तो उशिरा उद्भवू शकतो, कारण हॉपमधील विकरे उरलेल्या जड शर्करा फोडतात आणि आंबवण पुन्हा सुरू होते. शहरातल्या एका ब्रुअरीत आम्हाला एकदा अशी बीअर मिळाली. आमच्यातल्या दोघांना ती ‘क्रीमी’ म्हणून फार आवडली होती. तूप-लोण्याच्या वासाला आपण जन्मापासून चांगले म्हणत आलो आहोत, त्यामुळे हा दोष मराठी नाकाला दोष वाटत नाही. तेथे जाणीवपूर्वक सावध राहावे लागते.

हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बीअरला ऊन लागले की प्रकाशामुळे आयसो-अल्फा आम्ले तुटतात आणि गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. इंग्रजी पुस्तके त्याला स्कंकची उपमा देतात. तो प्राणी येथे नाही. जळके रबर आणि त्यात लसणीची छटा, असे लिहिले तर सर्वांना कळते. डबाबंद बीअरला हा दोष होत नाही.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बीअर घाईने काढली. घामट मोज्यांचा किंवा जुन्या चीजचा वास म्हणजे हॉप जुना झाला होता. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आयपीएत क्वचित येतो. आलाच तर तो उकळण्यातला दोष.

१२. किती दिवसांपर्यंत ताजी समजावी? वाइनसारखी ठेवून मुरवता येते का?

मुरवू नये. हॉपचा सुगंध पहिल्या काही आठवड्यांतच उतरू लागतो. खरेदी करताना एक्स्पायरी पाहण्याऐवजी बाटलीवर किंवा डब्याच्या तळाशी छापलेली उत्पादनाची तारीख पाहावी. दोन महिन्यांच्या आतली घ्यावी, आणि तीही दुकानदाराने फ्रीजमध्ये ठेवलेली. बीअर व्यवसायात ३–३०–३०० असा एक ठोकताळा आहे: सुमारे ३२ अंशांना तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस, यांनी बीअर साधारण सारखीच म्हातारी होते. मे महिन्यातल्या दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेल्या बीअरचे काय होते याचा हिशेब यावरून करता येईल. ग्राउलरमध्ये (ब्रुअरीतून बीअर भरून नेण्याच्या मोठ्या बाटलीत) भरून आणलेली आयपीए त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी.

१३. गढूळ आयपीए म्हणजे खराब आयपीए का?

आता नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातून आलेल्या ‘हेझी’ प्रकारात ओट्स आणि गहू वापरतात, भरपूर हॉप थंड बीअरमध्ये भिजवतात, आणि प्रथिने व पॉलिफेनॉल यांमुळे बीअर मोसंब्याच्या रसासारखी दिसते. तिचा कडवटपणा सौम्य असतो. रस चालतो, गाळ चालत नाही: तळाशी चोथा किंवा तरंगते तुकडे दिसले तर प्रश्न ७ मधली खवखव येण्याची शक्यता धरावी. पारदर्शक असायला हवी अशी आयपीए धुरकट दिसली तर मात्र एखाद-दुसरा गुण जातो, त्याहून जास्त नाही.

१४. गुण कसे द्यावेत?

बीजेसीपीची ५० गुणांची पद्धत घरीही वापरता येते: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण मत १०. रूपाला फक्त तीन गुण आहेत, आणि इन्स्टाग्रामवर मात्र सारा निकाल तेवढ्यावरच लागतो.

आधी शब्द लिहावेत, आकडा शेवटी. आकडा आधी लिहिला की शब्द त्याची वकिली करू लागतात. एखाद्या बीअरवर माझे टिपण असे असते: ‘वासात पपनसाची साल, राळ, मागे पेरू, माल्ट बिस्किटासारखा, जेमतेम. फेस टिकतो, ग्लासला जाळी धरतो. कडवटपणा ठाम, पंधरा सेकंदांत ओसरतो. ऊब आहे, चटका नाही. शेवटी किंचित तुरट.’ असे टिपण ३८ ते ४० च्या घरात जाते. ४५ च्या पुढचा आकडा लिहिताना हात अडखळला पाहिजे. २१ च्या खालचा आकडा देताना दोष नाव घेऊन सांगता आलाच पाहिजे. ‘मजा नाही आली’ हे कारण चालत नाही.

१५. सोबत चखणा काय ठेवावा?

पारख करताना काहीही नको. दोन बीअरच्या मध्ये पाणी आणि साधे कुरमुरे किंवा पावाचा तुकडा पुरे. खारे शेंगदाणे कडवटपणा दाबतात आणि बीअर आहे त्यापेक्षा मऊ लागते.

टिपणे संपल्यावर मात्र खुशाल खावे, फक्त मिसळ सोडून. मद्यार्क आणि कडवटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि झणझणीत तर्रीवर डबल आयपीए ओतणे म्हणजे दोघींचाही अपमान. बाकरवडीचा गोड-आंबट-मसालेदार सारणाचा तोल हॉपशी छान जमतो. सर्वांत अनपेक्षित जोडी गाजर हलव्याची: खवा आणि तूप कडवटपणाला गोलाई देतात, आणि वेलदोड्याला हॉपमध्ये सोबती सापडतो.

१६. पुण्यातली डबल आयपीए ८ टक्क्यांवर का थांबते? मग ती खरी डबल म्हणावी का?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या भारतीय मानकांत बीअरच्या मद्यार्काची वरची मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे येथे बनलेली डबल आयपीए निकषांच्या खालच्या टोकाशीच बसते आणि १० टक्क्यांची ‘ट्रिपल’ येथे बीअर म्हणून बनवता येत नाही. यात मला फारसे नुकसान दिसत नाही. या प्रकारातली जगभर नावाजलेली ‘प्लिनी द एल्डर’ही ८ टक्क्यांचीच आहे. मर्यादेशी झगडण्याऐवजी अंग कोरडे आणि हॉप ताजा ठेवणारा ब्रुअर अधिक चांगली बीअर देतो, आणि २००९ मध्ये डूलालीपासून सुरू झालेल्या पुण्याच्या मायक्रोब्रुअरींच्या जगात असे हात आता पुष्कळ आहेत.

महाराष्ट्रात हलकी बीअर आणि वाइन यांसाठी वयाची अट २१ आहे, कडक मद्यांसाठी २५. शिवाय पिण्याचा परवाना लागतो. आमच्या बैठकीत २५ च्या खालच्या कोणालाही घेत नाही.

१७. बीअर चांगली आहे हे कळते, पण मला आवडत नाही. टिपणात काय लिहू?

दोन्ही लिहावे, पण वेगवेगळ्या ओळींत. ‘प्रकाराला धरून आहे, दोष नाही, ३९’ ही एक ओळ, आणि ‘मी पुन्हा मागवणार नाही’ ही दुसरी. उलटही घडते: चिक्कीच्या गोडव्याची, थोडी शिळी आयपीए अनेकांना मनापासून आवडते. आवडू द्यावी. गुण मात्र प्रश्न ११ प्रमाणेच कापावेत.

१८. ग्लासमध्ये दोष आढळला तर ब्रुअरीत सांगावे का? कसे?

सांगावे, आणि अर्धा ग्लास संपण्याआधी सांगावे. ‘बीअर खराब आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘लोण्याचा वास येतो आहे, ब्रुअरला एकदा दाखवता का?’ असे विचारले की संवाद सुरू होतो. दोष बीअरचा नसून नळीचा असण्याचीही शक्यता असते; नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत तर आंबट आणि लोणकट वास येतात. शेजारच्या नळाची दुसरी बीअर घोटभर मागून पाहावी. दोन्हींत तोच वास असेल तर नळ्यांवर संशय घ्यावा, एकीतच असेल तर टाकीवर.

१९. आंबा घातलेली आयपीए याच निकषांवर तपासायची का?

निकष सारखेच, पण ती फळाच्या बीअरमध्ये धरून, म्हणजे फळ आणि हॉप दोन्ही कळले पाहिजेत या अटीवर. येथे फसगत होते ती गोडव्यावरून. हापूसचा रस टाकीत गेला की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकते. उरतो तो थोडा आंबटपणा आणि सालीजवळचा, चिकासारखा उग्र वास. त्यामुळे खऱ्या आंब्याची बीअर आमरसासारखी गोड लागत नाही. गोड लागली तर एक तर आंबवण थांबवून रस नंतर घातला आहे किंवा अर्क वापरला आहे, आणि अर्काचा वास आंब्याच्या गोळीसारखा एकसुरी, शेवटपर्यंत न बदलणारा असतो. उलट काही हॉप फळ न घालताच पिकल्या आंब्याचा वास देतात. म्हणून आम्ही अशी बीअर पाटी न वाचता आधी हुंगतो, ‘आंबा की हॉप’ हे कागदावर लिहितो आणि मगच ब्रुअरला विचारतो. आतापर्यंतच्या आठ वेळांपैकी माझा अंदाज पाच वेळा चुकला आहे.